वीस कलमं आणि दोन हरकती

चिंचवडगाव
आषाढातला रविवार

प्रिय मंजिरी,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग चिडले. जेवणाच्या टेबलावर तुझा तो लक्झेंबर्गी सहकारी म्हणाला, "तुम्ही अवाढव्य देशाची माणसं, लहान देशाला जगात कसं निभावून न्यावं लागतं ते तुम्हाला नाही कळायचं." आणि तू मान डोलावलीस! अगं, मान कसली डोलावतेस? त्याच्या अख्ख्या देशाची लोकसंख्या पुरती ७ लाखही नाही. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची २०११च्या जनगणनेतच १७ लाख २७ हजार होती. आता किती झाली असेल ते सकाळी भक्ती-शक्ती चौकात उभं राहिल्याशिवाय समजायचं नाही. म्हणजे माणसं मोजायची तर आमचा एक कमिशनर त्यांच्या पंतप्रधानाला भारी.

पण त्याचा मुद्दा मोजणीचा नव्हता, हे मलाही कळतं. दोन्हीकडून बलाढ्य शेजारी, १९१४ला एकदा आणि १९४०ला पुन्हा जर्मन फौजा घरात, आणि तरी आज नाटोपासून युरोपीय संघापर्यंत सगळीकडे संस्थापक म्हणून त्यांची खुर्ची पक्की. शेंगेनचा करारसुद्धा १९८५ साली त्यांच्याच एका खेड्याशेजारी, मोझेल नदीत नांगरलेल्या बोटीवर झाला. मानलं पाहिजे. फक्त "तुम्हाला नाही कळायचं" हे मी ऐकून घेणार नाही, कारण मी रोज चाकणला कामाला जाते आणि चाकण हा या विषयातला आमचा पहिला धडा आहे.

तू इथे होतीस तेव्हा आपण संग्रामदुर्ग पाहिला नव्हता ना? पाहायला फारसं उरलेलंही नाही. भुईकोट किल्ला, गावानं त्याला चारी बाजूंनी इतकं वेढलंय की शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही विचारत जावं लागतं. थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाची खूण, बस्स. बाहेर कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस. हा किल्ला आणि पुणे, सुपे, इंदापूर ही मालोजीराजांपासूनची भोसल्यांची जहागीर. १६६० साली शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला तेव्हा त्याला अहमदनगरकडून येणारी रसद सुरक्षित हवी होती आणि वाटेवर हे चाकण. जूनमध्ये वेढा पडला. आत फिरंगोजी नरसाळा किल्लेदार, शिबंदी मूठभर, किल्ला सपाटीवर, पाऊस मी म्हणत असलेला. तरी दीड महिन्याच्या वर, जवळपास दोन महिने त्याने दम काढला. शेवटी १४ ऑगस्टला मोगलांनी भुयार खणून दारू भरली आणि एक बुरूज उडवला. किल्ला गेला, पण मोगलांचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली. एवढी गोष्ट चौथीच्या पुस्तकामुळे आपल्या पिढीला पाठ आहे.

पुस्तक संपतं तिथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच उन्हाळ्यात महाराज स्वतः पन्हाळ्यात अडकले होते, सिद्दी जौहरच्या वेढ्यात. म्हणजे उत्तरेकडून मोगल, दक्षिणेकडून आदिलशाही, दोन्ही एकदम. जुलैत ते विशाळगडाला निसटले, ऑगस्टात चाकण पडलं, आणि सप्टेंबरात त्यांनी काय केलं? पन्हाळा, जो अजून पडला नव्हता, तो स्वतःच्या हुकमाने आदिलशहाला देऊन टाकला! एक आघाडी मिटवली. ज्या गडासाठी बाजीप्रभूंनी आणि शिवा काशिदांनी जीव दिला असं आपण म्हणतो, तो गड दोन महिन्यांत कागदावर सोडून दिला. खरं तर त्यांनी जीव दिला तो गडासाठी नव्हे, राजासाठी. आणि राजा मोकळा असला की गड परत घेता येतो, हा हिशेब त्यात होता. पन्हाळा १६७३ला परत आलाच. तुझ्या सहकाऱ्याला हे सांग, त्याला पटेल. त्यांनीही १८६७च्या लंडनच्या तहात आपला तो जगप्रसिद्ध कोट स्वतःच्या हाताने पाडून टाकायचं कबूल केलं होतं ना, फ्रान्स आणि प्रशिया एकमेकांच्या उरावर बसू नयेत म्हणून? ते पाडकाम पुढे सोळा वर्षं चाललं म्हणे. आमच्याकडे पाडायला वेळ नव्हता, नुसत्या किल्ल्या सोपवल्या.

पुरंदरचा तह, २३ किल्ले देऊन १२ ठेवले ते, आणि आग्रा, हे तुला माहीतच आहे. त्यावर इतकं लिहिलं-बोललं जातं की मी ते सोडून देते. मला सांगायचंय ते इंग्रजांबद्दल. कारण तिथे तलवार जवळजवळ नाहीच, सगळा खेळ कागदाचा आहे.

सुरुवात मात्र वाईट झाली. पन्हाळ्याच्या त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी तोफ घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेले, वर आपलं निशाण फडकावून गोळे टाकले. १६६१ साली महाराजांनी राजापूर मारलं, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद केलं. त्यांनी कैदेतून सुरतेला वरिष्ठांकडे गाऱ्हाणी घातली, तर वरिष्ठांचं उत्तर असं की, तुम्ही कंपनीच्या मालाचं रक्षण करताना पकडले गेला नाहीत. कोणी सांगितलं होतं तुम्हाला पन्हाळ्याला जाऊन निशाण लावून गोळे फेकायला? हेड ऑफिसचं असं पत्र मी आयुष्यात पाहिलंय गं, फक्त त्यात वेढा नव्हता. शेवटचे कैदी १६६३मध्ये सुटले. आपण ही गोष्ट सांगताना "इंग्रजांना धडा शिकवला" इथे टाळी घेऊन थांबतो. पण लुटीत सापडलेल्या मालाची भरपाई हा प्रश्न त्यानंतर बारा-तेरा वर्षं दोन्ही बाजूंच्या गळ्यात अडकून राहिला, आणि त्यातूनच खरी बोलणी जन्माला आली.

इंग्रजांना भरपाई हवी होती आणि त्याहून जास्त व्यापार हवा होता. मुंबई त्यांच्या हातात नुकतीच आलेली. समोरचा बराचसा मुलूख महाराजांचा. धान्य आणि सरपण तिकडूनच यायचं. महाराजांना इंग्रजांकडून तोफा हव्या होत्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला त्यांनी मुंबई बंदरात थारा देऊ नये एवढं हवं होतं. दोघांनाही एकमेकांची गरज, दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. इंग्रजांकडून १६७२ला उस्टिक आला, १६७३ला निकल्स आला, इकडून भिमाजी पंडित आणि सुंदरजी प्रभू मुंबईला जात-येत होते. दर खेपेला आकडा थोडा सरकायचा. माणसं दमायची, बोलणी दमायची नाहीत.

मग १६७४चा मे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून निघाला तो चौलमार्गे रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला येऊन थांबला. महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून साहेबांना खाली तंबूत दिवस काढावे लागले. २२ मेला वर चढले. गडावर राज्याभिषेकाची धामधूम, गागाभट्ट, ब्राह्मणभोजनं, महाराजांची तुला होणार, दानं होणार, आणि या सगळ्यात हा माणूस आपल्या वीस कलमांचा कागद सांभाळत बसलेला. त्याला भेटायला कोण नेमलं होतं? निराजी रावजी. आणि इंग्रजांचा दुभाषी कोण? नारायण शेणवी. म्हणजे बघ, पूर्वेकडच्या एका मोठ्या व्यापारी कंपनीची आणि नव्या राज्याची ही पहिली मोठी वाटाघाट प्रत्यक्षात दोन आपल्याच माणसांमध्ये होत होती, आणि एकमेकांचा नातेवाईक कुठल्या गावचा हेसुद्धा त्यांनी पहिल्या बैठकीत काढलं असणार, याची मला खात्री आहे.

जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने या मुक्कामाची एक गंमत लिहून ठेवलीय. गडावरचा आहार म्हणजे खिचडी आणि त्यावर तूप. साहेब लोकांना ते झेपेना. त्यांच्यासाठी खास सोय करून रोज अर्धा बोकड पुरवायचं ठरलं. काही दिवसांनी तो म्हातारा खाटीक धापा टाकत गड चढून वर आला. काम काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत आपलं मांस गडावर खपलं नाही आणि या चार दिवसांत एवढं खपलं, तर ते खाणारे लोक दिसतात तरी कसे हे बघायला आला होता! मला त्या कराराच्या सगळ्या इतिहासात हा माणूस सगळ्यात आवडतो. आपल्या चाकणमध्ये कोरियन लोक आले तेव्हा आमच्या कॉलनीतल्या भाजीवालीने मला हाच प्रश्न विचारला होता, की ताई, एवढा कोबी घेऊन हे करतात तरी काय.

राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जूनला, ऑक्झिंडन दरबारात लांब उभा होता. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात उंच करून धरली, तेव्हा महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतलं. तिथून ऑक्झिंडनने जे पाहिलं ते त्याने टिपून ठेवलंय. सोन्याच्या भाल्यांवर लावलेली माशांची डोकी, घोड्यांच्या शेपट्या, आणि समतोल लटकणारा तराजू. बाहेर पडताना दरवाज्याशी दोन छोटे हत्ती आणि दोन पांढरे घोडे उभे. ही जनावरं या अवघड वाटेने वर आणलीच कशी, याचं कोडं त्याला काही सुटलं नाही. वकिलाने असंच पाहावं. स्तुती करत बसला नाही, चकित झाला आणि लिहून ठेवलं.

आता कलमांकडे येते, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. मागण्या अशा: राजापूरच्या लुटीची भरपाई, १० हजार होन. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारी. जकात शेकडा अडीच. ही आणि असली बरीच कलमं महाराजांनी मान्य केली. सिद्दीशी तह करा हा ऑक्झिंडनचा आग्रह मात्र तोंडीच विरून गेला. आणि लेखी कलमांपैकी दोहोंवर हरकत आली.

पहिलं: इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. उत्तर असं गेलं की याला कलम कशाला हवं? नाण्यात धातू खरा असेल, वजन बरोबर असेल तर लोक ते घेतीलच, आम्ही मना करणार नाही. पण प्रजेने एखादं नाणं घ्यावंच अशी सक्ती आम्ही कशी करणार? दुसरं: इंग्रजांची जहाजं वादळात फुटून किनाऱ्याला लागली तर जहाज आणि माल परत मिळावा. यावरचं उत्तर तर मी चौकटीत लावून ऑफिसात टांगावं असं आहे. किनाऱ्याला लागलेली फूट सरकारजमा होते हा कोकणचा जुना रिवाज. तुम्हाला सवलत दिली तर उद्या फ्रेंच येतील, वलंदेज, म्हणजे डच, येतील, सगळे तेच मागतील. बुडणाऱ्या माणसांचे जीव मात्र आम्ही वाचवू.

विचार कर मंजिरी. राज्याभिषेकाला आठवडा झाला नाही. तिजोरीतून दानाला किती गेलं असेल. एवढा मोठा सोहळा, एवढी परदेशी मान्यता दारात चालून आलेली, अशा वेळी कुणीही "जाऊ दे, सही करून टाका" म्हटलं असतं. त्यात ही दोन्ही कलमं दिसायला किती किरकोळ. पण एकात आपल्या बाजारावरचा हक्क जातो आणि दुसऱ्यात आपल्या किनाऱ्यावरचा. जकातीत अर्धा टक्का कमी-जास्त झाला तर पुढल्या वर्षी बदलता येतो, हक्क एकदा दिला की तो गेला. हे ज्याला वीस कलमांतून नेमकं वेचता येतं, त्याच्या राज्याचा नकाशा किती इंच आहे याला काही महत्त्व नाही.

मला हे इतकं का भिडतं ते तुला ठाऊक आहे. आमची कंपनी केवढी, सव्वादोनशे माणसं, ब्रॅकेट आणि प्रेस पार्ट्स. समोर गिऱ्हाईक केवढं! त्यांचं सप्लाय अॅग्रीमेंट येतं तेव्हा ते वाचायला म्हणून नाही येत, सही करायला येतं. मागल्या वर्षी एका कराराच्या बाविसाव्या पानावर एक ओळ होती: आम्ही कुणालाही यापेक्षा स्वस्त दर दिला तर तो आपोआप त्यांनाही लागू होईल. पेमेंट नव्वद दिवसांनी, डायचा खर्च आमचा पण मालकी त्यांची, लाइन बंद पडली तर मिनिटाचा दंड, या सगळ्यावर आमचे साहेब थोडी घासाघीस करून हो म्हणत गेले. मी मनातल्या मनात शिव्या घालत होते. त्या ओळीवर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हे नको. समोरचा म्हणाला, सगळे व्हेंडर देतात. साहेब म्हणाले, म्हणूनच नको. चहा झाला, पुन्हा चहा झाला. ओळ गेली. तेवढ्यासाठी किंमतीत थोडी सूट द्यावी लागली, ती त्यांनी हसत दिली. साहेबांनी ऑक्झिंडनचं नावही ऐकलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "तो कुठल्या कंपनीचा?" म्हटलं, ईस्ट इंडिया.

असो. डचांचं एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६७३ला डचांचं आरमार मुंबईपाशी घिरट्या घालत होतं. युरोपात त्यांचं आणि इंग्रजांचं युद्ध जुंपलेलं. व्हान गोन्स या त्यांच्या सेनानीने महाराजांकडे प्रस्ताव टाकला: जमिनीवरून माणसं द्या, मुंबई घेऊ, बदल्यात आम्ही तुम्हाला दंडा-राजपुरीला, म्हणजे जंजिऱ्याविरुद्ध, मदत करतो. जंजिरा हे महाराजांचं जन्माचं दुखणं, त्यावरचं औषध कुणीतरी ताटात घालून आणलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही. का नाही याचा कागद नाही, पण माझा अंदाज सांगते. मुंबईत भित्रट, गरजू इंग्रज शेजारी असणं परवडतं. जिंकून आलेले डच शेजारी परवडत नाहीत.

आणि याच डचांना चार वर्षांनी, १६७७च्या दक्षिणेच्या स्वारीत, महाराजांनी तमिळ मुलखात व्यापाराचा कौल दिला. त्यात बाकी सवलती आहेत. पण आधीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होतात, ते माझ्या अमलात चालणार नाही, असा स्पष्ट मजकूर आहे. नेलेच तर माझी माणसं अडवतील, असंही. त्या काळात बटेव्हियाला गुलामांची जहाजंच्या जहाजं जात होती आणि त्यावर कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. जिंकून जेमतेम काही महिने झालेला, घरापासून शेकडो कोस लांबचा मुलूख, तिथे महसुलाची निकड, आणि तरी हे कलम. सिंहासन, तुला, जिरेटोप या सगळ्यांवर चित्रं निघतात; या कागदावर एखादं निघायला हरकत नव्हती.

त्याच स्वारीत कुतुबशाहीशी केलेला दोस्ताना हाही मोठा विषय आहे. हैदराबादला प्रल्हाद निराजी वकील म्हणून बसला होता, तिथले कारभारी मादण्णा आणि आकण्णा यांच्याशी त्याचं सूत होतं. प्रल्हाद निराजी म्हणजे आपल्या निराजी रावजींचा मुलगा बरं का. बापाने इंग्रज सांभाळले, मुलाने कुतुबशाही. एका घराने परराष्ट्र खात्याची दोन दालनं चालवली आणि पुण्यात त्यांच्या नावाची एक गल्लीसुद्धा मला माहीत नाही. अफझलखानाच्या प्रकरणातही पोवाड्यात वाघनखं असतात, बिचवा असतो; पंताजी गोपीनाथ बोकिलांनी खानाच्या छावणीत जाऊन त्याला जावळीच्या खोऱ्यात उतरायला राजी केलं नसतं तर वाघनखं वाईला चालवायची होती का? माझ्या मुलाला शाळेच्या नाटकात मावळा व्हायचं होतं. म्हटलं वकील हो. तर म्हणे, त्याला डायलॉग काय असतात? आता काय सांगू!

अष्टप्रधानांत परराज्यांचा कारभार पाहणारा स्वतंत्र मंत्री होता, सुमंत. आधी त्याला डबीर म्हणत. राज्याभिषेकाच्या वेळी त्या जागी रामचंद्र त्रिंबक. म्हणजे हे सगळं एकट्या राजाच्या हुशारीवर चालत नव्हतं, खातं होतं. आणि खातं असलं की शहाणपण पुढच्या माणसाकडे जातं. त्याचा पुरावा म्हणजे आज्ञापत्र. महाराजांना जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावर, १७१५च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी ते लिहिलं. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, एक प्रकरण आहे. या लोकांना व्यापारापुरतं येऊ-जाऊ द्यावं, पण हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत. वखारीला जागा मागितली तर खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी कधीही देऊ नये. आत, किनाऱ्यापासून काही कोसांवर, मोठ्या गावाच्या पोटात, सखल जागी द्यावी, पक्कं बांधकाम करू देऊ नये. यांचं बळ म्हणजे आरमार, तोफा आणि दारूगोळा. पाण्यापासून तोडले की राहतात ते नुसते दुकानदार.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खुदकन हसू आलं, कारण पंतांच्या नियमाने पाहिलं तर चाकण आदर्श जागा आहे! समुद्र सह्याद्रीपलीकडे, जहाज नाही, खाडी नाही, चारी बाजूंनी आपलीच गावं. २००९पासून फोक्सवॅगन इथे, मर्सिडीज इथे. त्याआधी चिंचवडला स्वीडनची एसकेएफ, दापोडीला अल्फा लाव्हाल आणि सँडविक. स्वीडनसारखा लहान, तेव्हा कुठल्याही लष्करी गटात नसलेला देश आमच्या मुळा-पवनेच्या काठी किती लवकर आणि किती चुपचाप रुजला हे बघितलंस का? आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आठव. १९५४ची. नव्या स्वतंत्र, गरीब देशाने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घेतली, पण कारखाना सरकारी ठेवला आणि पेनिसिलीन इथे बनवायला शिकला. मदत घेतली, मालकी दिली नाही. हा पंतांचाच धडा. फरक इतकाच की तो पिंपरीत कुणी आज्ञापत्र वाचून गिरवला नव्हता.

फक्त पक्कं बांधकाम करू देऊ नये हे कलम एमआयडीसीने फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. थट्टा सोड, पण मला खरोखर एक भीती वाटते. हल्ली एक राज्य दुसऱ्याच्या तोंडचा कारखाना पळवायला जमीन, वीज, करमाफी सगळं घेऊन दारात उभं राहतं. तुम्हाला दिलं तर उद्या दुसरे तेच मागतील, हे वाक्य आता बोलतो कोण? दुसरे मागायच्या आत आपणच फोन करून देतो. मोठ्या देशाचा तुकडा असण्याचा हा तोटा असावा. लहान राज्याला चूक परवडत नाही म्हणून ते बाविसावं पान वाचतं.

आणि करार झाला म्हणजे गोडीगुलाबी झाली असं तुझ्या सहकाऱ्याला भासवू नकोस, तो लक्झेंबर्गचा आहे, त्याला पटायचंही नाही. १६७४च्या तहानंतर भरपाईच्या वसुलीची पत्रं पुढेही चालूच राहिली. इंग्रजांनी सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईत ठेवून घेणं काही सोडलं नाही, कारण सिद्दीमागे मोगल होते आणि सुरतेची वखार मोगलांच्या मुठीत. मग १६७९ला महाराजांनी मुंबईच्या अगदी नाकासमोर खांदेरीचं बेट बांधायला घेतलं. मायनाक भंडारी पावसात दगड उतरवत होता, इंग्रजांनी मिंचिन आणि केग्विनला जहाजं देऊन धाडलं, समुद्रावर लढाई झाली, माणसं मेली. तरी त्याच दिवसांत दोन्हीकडचे वकील बोलतच होते. १६८०च्या सुरुवातीला मिटलं आणि खांदेरी महाराजांकडेच राहिली. काही आठवड्यांत महाराज गेले.

बाकी इथे सगळं ठीक. पाऊस यंदा बरा आहे, नाशिक रस्त्याचे खड्डे त्याहून बरे. तुझ्या आईंना परवा भेटून आले; गुडघा सोडला तर तब्येत उत्तम, तुझ्या फोनची वाट बघतात, तो रविवारी सकाळी करत जा, संध्याकाळी त्यांची सिरियल असते. डिसेंबरात येणार असशील तर रायगडाचं आत्ताच ठरवू. शनिवार-रविवार नको, रोपवेला मरणाची रांग असते. पाचाडला आदल्या दिवशी मुक्काम करू, ऑक्झिंडनसारखा, आणि जेवायला खिचडीच सांगू. तूप मी घरून घेते.

तुझी,
सुनीता